म्हाताऱ्या माणसाची पाठ पाहा

सोयाबीनची रास घरात आली, दिवाळी जवळ आली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, पूर्णा या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात. कोयता घेऊन नवरा-बायको जातात. मागं राहतात शाळेत जाणारी पोरं आणि म्हातारी माणसं. ज्यांच्या घरात कोयता नाही, त्यांची मुलं चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत असतात. आणि जी घरं गावातच नांदती आहेत, तिथंही कापसाच्या वेचणीत सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत घरात कुणी नसतं. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या बाजाराच्या गावात भर दुपारी एखाद्या गल्लीतून चालत गेलं, तर ओसरीवरच्या किंवा पत्र्याच्या खोलीतल्या बाजेवर एकटं पडलेलं म्हातारं माणूस हमखास दिसतं.

त्या एकट्या तासांत त्याच्या शरीराला काय होतं, ते इथं सांगायचं आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं या गोष्टी घडतात आणि त्यांच्याबद्दलही बोलू. पण बहुतेक म्हातारी माणसं त्यानं दगावत नाहीत. ती दगावतात न दिलेल्या पाण्यानं, न बदललेल्या कुशीनं, ‘उद्या बघू’ म्हणून राहिलेल्या दवाखान्यानं. आणि मग गाव म्हणतं, वय झालं होतं.

वृद्धांची हेळसांड हा वैद्यकाचा विषय म्हणून तसा नवा आहे. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, की घरातल्याच माणसांकडून मार खाल्लेल्या म्हाताऱ्या बायका आपल्याकडे उपचाराला येतात आणि आपण ती जखम ‘पडल्या’ म्हणून नोंदवतो. अमेरिकेत लाखो वृद्ध शुश्रूषागृहांत राहतात. तिथल्या बांधून ठेवलेल्या, झोपेच्या औषधानं गुंगवलेल्या माणसांची दशा उघड झाल्यावर १९८७ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयाची चौकशी झाली आणि २०१३ मध्ये तिचा अहवाल आला. तहानेनं व्याकूळ झालेल्या रुग्णांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या साक्षी त्या प्रकरणात निघाल्या. पैसा, यंत्रं, पदवीधर परिचारिका सगळं असलेल्या देशातली ही गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की घरी-समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा छळ किंवा हेळसांड सोसावी लागते. वृद्धांच्या संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी आपल्या हातून तसं वागणं घडल्याचं स्वतः कबूल केलं आहे.

आपल्याकडे वृद्धाश्रम कमी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती. त्यातली जवळजवळ सगळी घरात राहणारी. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न संस्थेच्या फाटकाआड नाही, उंबऱ्याच्या आत आहे. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्याच्या मोठ्या सर्वेक्षणात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगणारे वृद्ध ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. हा आकडा खरा असेल यावर माझा विश्वास बसत नाही. ज्या लेकाच्या घरात दोन वेळची भाकरी मिळते, त्याच्याविरुद्ध परक्या माणसाला कोण काय सांगणार? आणि तीन दिवस कुणी अंथरूण बदललं नाही, याला ‘छळ’ म्हणायचं असतं हे तरी किती जणांना माहीत असतं? माणूस सांगत नाही. शरीर मात्र सांगतं, ते वाचता आलं पाहिजे.

सुरुवात पाठीपासून करू, कारण दुर्लक्षाचा सगळ्यात स्पष्ट दाखला तिथंच उमटतो.

आपण झोपेत नकळत कितीदा तरी कूस बदलतो. पक्षाघात झालेलं, खुबा मोडलेलं किंवा फार थकलेलं माणूस ती बदलू शकत नाही. मग माकडहाड, खुब्याची बाजू, टाचा, घोटे, खांदे, डोक्याची मागची बाजू अशा ठिकाणी, जिथं हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस फारसं नसतं, तिथं शरीराचं सगळं वजन येतं. ठिबकच्या नळीवर पाय पडावा आणि पुढच्या रोपांचं पाणी बंद व्हावं, तसं तिथल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांचं होतं. दोनेक तास असा दाब राहिला तरी तिथलं मांस मरायला लागू शकतं. आणि कातडीच्या आधी खालचं मांस मरतं, कारण त्याला रक्ताची गरज जास्त. म्हणूनच वरून रुपयाएवढा काळपट डाग दिसतो आणि तो फुटल्यावर आत मूठ जाईल एवढा खड्डा निघतो. घरचे म्हणतात, एका रात्रीत झालं. एका रात्रीत काही झालेलं नसतं. आतलं काम कितीतरी दिवस चाललेलं असतं.

पहिल्या पायरीवर कातडी शाबूत असते. फक्त लालसर डाग असतो आणि बोटानं दाबल्यावर तो क्षणभर फिका पडत नाही, तसाच राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावं लागतं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, घट्ट किंवा उलट मऊ, ओलसर लागते का, म्हातारं माणूस तिथं हात लागताच कण्हतं का. या पायरीवर दाब काढला तर सगळं मागं फिरतं, काही खर्च नाही. दुसऱ्या पायरीवर कातडी सोलते, फोड येतो. तिसऱ्यावर जखम चरबीपर्यंत जाते आणि चौथ्यावर हाड उघडं पडतं. तिथून जंतू हाडात आणि रक्तात शिरतात. ताप येतो, रक्तदाब उतरतो, माणसाची शुद्ध हरपते आणि ते जातं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असं येतं. पाठीची जखम त्यावर क्वचितच येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा, असं रोखठोक लिहिलं होतं. हे बव्हंशी खरं आहे. पूर्ण खरं नाही. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. त्यांच्याभोवती उत्तम परिचारिका होत्या, तरी २००४ मध्ये अशाच एका जखमेतला संसर्ग त्यांच्या अखेरच्या आजारपणात होता. तेव्हा पाठीला जखम दिसली म्हणून लगेच सुनेला आरोपी करू नये. प्रश्न असा विचारावा: जखम कुणी पाहिली होती का, केव्हा, आणि पाहिल्यावर काय केलं? न पाहिलेली, न धुतलेली, वास सुटेपर्यंत चादरीखाली झाकलेली जखम ही हेळसांडच असते.

यावर आपल्या घरांत जे उपाय चालतात, त्यातले काही नुकसान करतात. लाल झालेल्या हाडावर तेलानं जोरात चोळू नये, खालचं दुखावलेलं मांस त्यानं आणखी फाटतं. बसायला हवेची रबरी रिंग देण्याची पद्धत जुनी आहे, पण रिंगेच्या कडेनं भोवतालचं रक्त अडतं. पावडरीच्या थराचे घामात भिजून गोळे होतात आणि ते टोचतात. उघड्या जखमेत हळद भरली तर आत पू किती आहे हे कुणालाच दिसत नाही. रेक्झिनवर थेट झोपवलं की पाठ घामानं भिजून मऊ पडते. वर सुती, सुरकुती नसलेली चादर हवीच. वर सरकवायचं असेल तर ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलावं. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलावी, पूर्ण आडव्या कुशीवर टाकण्यापेक्षा पाठीमागं उशी लावून थोडं कलतं ठेवावं. पोटरीखाली उशी द्यावी म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हवेची, फुगे आलटून-पालटून फुगणारी गादी आता परभणीच्या औषध बाजारात मिळते. ती जरूर घ्यावी, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सोडू नये. वीज गेली की ती नुसती रबराची चादर असते, आणि आपल्याकडे वीज किती टिकते हे सांगायला नको.

आता पाण्याकडे. पाठीची जखम दिसते तरी. पाण्याची कमतरता दिसतही नाही.

वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते. शरीरात पाणी कमी झालेलं असतं, पण घसा मागत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखायची ताकद कमी झालेली असते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर आणखी भर. आणि या सगळ्यांहून मोठं कारण वैद्यकाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत असतं, आपल्या गावात मात्र घरोघरी असतं: म्हातारी बाई मुद्दाम पाणी पीत नाही. लघवीला न्यायला कोण आहे? संडास अंगणाच्या पलीकडं, पायऱ्या उंच, हात धरायला कुणी नाही. अंथरूण ओलं झालं तर बोलणी खावी लागतील. म्हणून ती सकाळी अर्धा कप चहा घेते आणि संध्याकाळपर्यंत तांब्याला हात लावत नाही. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये चव्वेचाळिसाच्या आसपास जातो. पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षाही गरम होतं.

यातून जे घडतं ते एकामागून एक घडत जातं. लघवी कमी आणि गडद होते, मूत्रमार्गात जंतू वाढतात. तरुण माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की जळजळ होते, ताप येतो. म्हाताऱ्या माणसाला कधी ताप येतच नाही. ते एकदम बरळायला लागतं. घरातल्यांना ओळखत नाही, रात्री उठून ‘बैल सोडायचे राहिले’ म्हणून दाराकडं निघतं, दिवसा गुंगीत पडतं. घरचे म्हणतात चळ लागला, आता हे असंच चालायचं. इथं एक फरक प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. दोन-चार दिवसांत, तासातासाला कमीजास्त होणारं बरळणं हा बहुधा शरीरातल्या ताज्या बिघाडाचा इशारा असतो. पाणी कमी पडलं असेल, जंतुसंसर्ग असेल, साखर किंवा मीठ उतरलं असेल, नवी गोळी बाधली असेल, पोटात खडा धरला असेल. यातलं जवळजवळ सगळं बरं होण्यासारखं असतं. आपण नेमकं त्याच वेळी त्याला खोलीत कोंडतो, झोपेची गोळी देतो किंवा बाजेला बांधतो.

खड्याचंही सांगायला हवं, कारण लाजेपायी त्याबद्दल कुणी बोलत नाही. कमी पाणी, कमी हालचाल यांमुळं मळ आत दगडासारखा होतो. त्याच्या कडेनं पातळ मळ पाझरतो. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते आणि आतला खडा आणखी पक्का होतो. पोट फुगतं, उलट्या होतात, लघवी तुंबते. आठ दिवस नीट शौच नाही आणि आता अचानक पातळ होतंय, असं असेल तर गोळी न आणता डॉक्टरांकडं जावं.

त्या बरळण्यातच कधीतरी रात्री म्हातारं माणूस उठतं आणि पडतं. पडल्यावर एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल आणि पाय उचलता येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलं आहे असंच धरून चालावं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक ते चारातला एक वर्षाच्या आत जातो. हाडामुळं नाही, पडून राहिल्यामुळं. फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया होतो, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या वर सरकतात, पाठ फुटते. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत व्हावी आणि माणसाला लवकरात लवकर बसवावं, उभं करावं, असा जगभरचा अनुभव आहे. आपल्याकडे ‘या वयात हाड जुळत नाही’ म्हणून महिनाभर पायाला वजन बांधून घरात ठेवलं जातं. हाड जुळण्याची वाट बघायची गरज नसते. सळई-स्क्रू घालून किंवा खुब्याचा गोळा बदलून माणूस चालतं करता येतं. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पैशाचं कारण पूर्वी खरं होतं, आता तितकं राहिलेलं नाही. कार्ड मात्र पडण्याआधीच काढून ठेवलेलं बरं.

पडलेलं माणूस किती वेळ जमिनीवर होतं, हेही डॉक्टरांना सांगावं. तासाच्या वर फरशीवर पडून राहिलं तर दबलेले स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. रानातून घरचे संध्याकाळी परततात; म्हातारबा सकाळी दहाला पडलेले असू शकतात.

जेवणाविषयी थोडक्यात. दात नाहीत आणि ताटात कडक भाकरी, तर उपाशी राहणं ठरलेलं. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून, डाळ घट्ट करून, चालत असेल तर अंडं उकडून द्यावं. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते, चोळी सैल पडते, हे वजन उतरल्याचे दाखले काट्याशिवाय दिसतात. पण भरवण्याच्या घाईत एक मोठी चूक होते: आडवं ठेवूनच चमच्यानं पाणी, पेज, औषध ओतलं जातं. ते घशातून श्वासनळीत जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. भरवायचं तर उठवून ताठ बसवावं आणि नंतरही अर्धा तास बसतं ठेवावं. दात नसले तरी रोज ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसावं, न्यूमोनियाचा धोका त्यानंही कमी होतो. यात पैसा काही लागत नाही, वेळ लागतो.

आता मारहाणीच्या खुणा. म्हाताऱ्या कातडीला काळंनिळं व्हायला फार निमित्त लागत नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाराची चौकट लागली तरी पुरतं. मग ओळखायचं कसं? कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये सुमारे शंभर वृद्धांच्या अंगावरचे, कुणी न मारता उठलेले डाग रोज तपासून नोंदवले. दहांतले जवळजवळ नऊ डाग हातापायांवर निघाले. मान, कान, कुल्ले, गुह्यांग आणि तळपाय इथं एकही नव्हता. रंगावरून डाग किती दिवसांचा हे सांगता येत नाही, हेही त्यात दिसलं. त्याच गटानं पुढं खरोखर मार खाल्लेल्या वृद्धांची पाहणी केली, तेव्हा डाग मोठे, तोंडावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला आणि पाठीवर आढळले. म्हणून आरोग्यसेविका किंवा शेजारची बाई जेव्हा कानामागं, मानेवर, पाठीवर डाग पाहते, तेव्हा तिनं ‘पडल्या असतील’ म्हणून पुढं जाऊ नये. दोन्ही मनगटांना किंवा घोट्यांना गोल वळ असेल तर तो बांधल्याचा असतो. भरदिवसा सतत डोळे मिटलेले, जीभ जड, पूर्वी न घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं उशाला, हेही बांधूनच ठेवणं आहे, दोरी दिसत नाही एवढंच.

हे सगळं म्हातारपणाच्या नावावर खपून जातं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २,८०० हून अधिक वृद्धांचा तेरा वर्षं माग काढलेला. अखेरीस इतरांपैकी ४० टक्के हयात होते. ज्यांची हेळसांड किंवा छळ झाल्याची नोंद होती, त्यांच्यातले फक्त ९ टक्के. आजार, वय, अपंगत्व हे सगळं हिशेबात धरूनही वाईट वागणूक सोसणाऱ्यांना मृत्यू लवकर गाठतो, असंच निघालं. वाईट वागणूक हा स्वतंत्रपणे जीवघेणा धोका आहे, असं मग म्हणावंच लागतं.

महाराष्ट्रात जेव्हा अशी एखादी गोष्ट उघड्यावर येते तेव्हा चार दिवस खळबळ होते. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत रस्त्याकडेच्या कचऱ्याजवळ एक वृद्ध स्त्री सापडली, चेहऱ्यावर त्वचेच्या कर्करोगाची उघडी जखम घेऊन. पोलिसांना तिला दाखल करून घेणारं रुग्णालय शोधताना तासन्‌तास लागले; शेवटी कूपर रुग्णालयात ती दाखल झाली आणि नातवावर गुन्हा नोंदवला गेला. लोकांनी नातवाला शिव्या दिल्या, ते बरोबरच. पण ती जखम एका दिवसात झालेली नव्हती. ती वाढत असताना घर, शेजार, दवाखाना या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून ती बाई गेली असणार.

मराठवाड्यानं यावर एक वेगळी वाटही दाखवली. शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये ठराव केला, की आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून थेट त्या आई-वडिलांच्या खात्यावर जमा करायची. तक्रारी बारा आल्या, आणि डिसेंबर २०२० च्या पगारातून सात जणांची कपात झाली. त्यांत शिक्षकही होते. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र पैशानं औषध येतं, कूस बदलत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय ज्याचा मुलगा पगारदार नाही, सालगडी किंवा ऊसतोड कामगार आहे, त्याचं काय?

त्याच्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. साठीपुढचं कुणीही उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडं साध्या कागदावर अर्ज करू शकतं. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो आणि अर्ज साधारण नव्वद दिवसांत निकाली काढायचा असतो. ‘मला सांभाळशील’ या अटीवर शेत किंवा घर बक्षीसपत्रानं मुलाच्या नावावर केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं; फक्त ती अट कागदावर लिहून घेतलेली असावी, म्हणजे पुढं वाद राहत नाही. सातबारा मुलाच्या नावावर करायला तलाठ्याकडं निघालेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे वाक्य कुणीतरी सांगायला हवं. सांभाळायची जबाबदारी असलेल्यानं ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या इराद्यानं कुठं सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ‘एल्डरलाइन’ची १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, शेजाऱ्यानं फोन केला तरी चालतो.

कायद्याचा धाक असावा, पण गावातली बहुतेक घरं क्रूर नसतात, थकलेली असतात. सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याची कूस बदलते आणि तिची स्वतःची कंबर धरलेली असते. सून पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग रान, मग सासूचं हागणं-मुतणं, मग पुन्हा चूल असं करते. दिराला, नणंदेला वाटणीच्या वेळी सगळं आठवतं, कूस बदलायच्या वेळी नाही. अशा घरात सुनेच्या तोंडून एखादा कडू शब्द निघाला तर दोष तिचा एकटीचा धरता येत नाही. जी मुलं पुण्यात राहतात त्यांनी महिन्याला पैसे पाठवून सुटका करून घेऊ नये; वर्षातून काही आठवडे येऊन रात्रीची कूस स्वतः बदलावी, किंवा गावातल्या एखाद्या बाईला दुपारच्या दोन-तीन तासांसाठी पगार द्यावा. कापसाच्या वेचणीत बाईला जेवढी रोजी मिळते तेवढी या कामाला दिली, तर माणूस मिळतं.

सरकारी व्यवस्थेकडून मागण्यासारखंही पुष्कळ आहे. ताडकळसला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. अशा केंद्रावर आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची खास तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट, असं त्यात अपेक्षित आहे. आशाताई घरोघरी जो तपासणीचा कागद भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, अंघोळ-जेवण-संडासला दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं विसरतात का. मदत लागते असं उत्तर आलेल्या माणसांची यादी गावागावांत तयार होऊ शकते. त्या यादीतल्या प्रत्येक घरी कुणीतरी महिन्यातून एकदा चादर बाजूला करून पाठ पाहिली, तरी चौथ्या पायरीच्या जखमा बहुतांश थांबतील. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजू माणसाला उपकरणासाठी तीन हजार रुपये खात्यावर मिळतात, आणि त्या उपकरणांत कमोड खुर्चीही आहे. बाजेशेजारी अशी एक खुर्ची आली की म्हातारी निर्धास्त पाणी पिते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बरळणं, रात्रीचं पडणं, मोडलेला खुबा यांच्या आधीच ती वाट अडवली जाते. ग्रामपंचायतीनं दरवर्षी अशा दहा-वीस अर्जांचा पाठपुरावा केला, तर कोणत्याही सत्कार समारंभापेक्षा ज्येष्ठांचा तो मोठा मान होईल.

आणि तुम्ही, हे वाचणारे. घरात किंवा शेजारी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर आज रात्री दिवा लावून त्यांची पाठ, माकडहाड आणि दोन्ही टाचा पाहा. आधी त्यांना विचारा, मग हात लावा. डाग दिसला तर बोटानं दाबून बघा. फिका पडत नसेल तर त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि उद्या सकाळी आशाताईला किंवा डॉक्टरांना दाखवा. जखम आधीच उघडी असेल, वास येत असेल किंवा ताप असेल, तर सकाळचीही वाट न बघता १०८ ला फोन करा.